वरचे काँक्रीट, खालचा पूर : ठाणे-कल्याणात पावसाच्या पाण्याचा हिशेब कोण देणार?

पावसाळा तोंडावर आला की ठाणे आणि कल्याण-डोंबिवली महापालिका दोन याद्या काढतात. एक धोकादायक इमारतींची, दुसरी पाणी तुंबणाऱ्या ठिकाणांची. दुसऱ्या यादीतली नावे आपल्याला पाठ आहेत, कारण त्यातली बरीचशी आपल्याच नातेवाइकांचे पत्ते असतात. नाल्याकाठच्या चाळी, रेल्वे रुळांलगतच्या वस्त्या, टेकडीच्या पायथ्याची नगरे. जुलैत तिथे पाणी शिरते, अधिकारी पाहणी करून जातात आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात ठरलेले वाक्य छापून येते : नाल्यावरील अतिक्रमणांमुळे पाण्याचा निचरा होऊ शकला नाही.

तिसरी यादी मात्र कोणी काढत नाही. या नाल्यांच्या वरच्या अंगाला गेल्या वीस वर्षांत किती जमीन सिमेंटने, डांबराने, लाद्यांनी बंद झाली, ती कोणी बंद केली आणि कोणाच्या सहीने केली, याची यादी. ती निघाली तर पुराची चर्चा झोपडीपासून सुरू होणार नाही. म्हणूनच ती निघत नसावी.

आपल्या चळवळीत घरे, पट्टे, पुनर्वसन, आरक्षण यावर भरपूर बोलले जाते. जमीन किती बंद करायची यावर मर्यादा असावी की नाही, हा प्रश्न मात्र आपण 'पर्यावरणवाल्यांचा' म्हणून सोडून दिला आहे. तो सोडून देण्यासारखा का नाही, हे मांडण्यासाठी हा लेख.

शंभर टँकरचे गणित

एक चौरस मीटर जागेवर 100 मिलिमीटर पाऊस पडला तर 100 लिटर पाणी होते. वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस घेणाऱ्या आपल्या भागात जुलैमधला असा दिवस नवलाचा नाही. एका हेक्टरवर त्या दिवशी 10 लाख लिटर पाणी पडते. दहा हजार लिटरचे शंभर टँकर समजा.

यातले किती पाणी वाहून जाईल हे जमिनीवर अवलंबून असते. गटारांची आखणी करताना अभियंते त्यासाठी एक गुणांक धरतात. काँक्रीट आणि डांबरासाठी तो साधारण 0.8 ते 0.95 असतो, म्हणजे जवळपास सगळे पाणी वाहून जाते. गवताच्या मोकळ्या जमिनीसाठी तो माती आणि उतार पाहून 0.35 पर्यंत किंवा त्याहून बराच कमी धरतात. आपण काँक्रीटला 0.9 आणि मोकळ्या जमिनीला 0.3 धरू. ज्या हेक्टरवरून पूर्वी तीस टँकर पाणी नाल्यात यायचे, तिथून आता नव्वद येतात. शिवाय पूर्वीचे पाणी गवतातून, मातीतून रेंगाळत यायचे. आताचे गुळगुळीत उतारावरून काही मिनिटांत येते. नाल्याची रुंदी तेवढीच, मोरी तेवढीच. पाणी तिप्पट आणि घाईत.

याला एक रास्त आक्षेप आहे. कोकणातल्या पावसात जमीन आठ-दहा दिवसांत पाण्याने भरून जाते, मग मोकळी असली तरी ती काही पीत नाही. त्यातच खाडीला भरती असेल तर नाल्याचे तोंडच बंद होते. हे खरे आहे. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस झाला; तसला पाऊस कुठलीही माती पिऊन टाकणार नाही. पण आपल्या वस्त्यांत पाणी काही फक्त 2005 मध्ये शिरले नाही. ते दोन तासांच्या सरीतही शिरते, वर्षातून तीन-चार वेळा शिरते. त्या नेहमीच्या पुराला बंद जमीन मोठी कारण आहे.

आणि जमिनीचे काम केवळ पिण्याचे नाही, थांबवून धरण्याचेही आहे. भाताचे खाचर घ्या. वीतभर उंचीचा बांध धरला तर एक हेक्टर खाचर 20 लाख लिटर पाणी उभे ठेवू शकते. काठोकाठ भरलेले खाचरही पाणी एकदम सोडत नाही. एका बांधावरून दुसऱ्या खाचरात, तिथून तिसऱ्यात, असे उतरत ते ओढ्याला मिळते. कल्याण-डोंबिवलीभोवतीची 27 गावे जून 2015 मध्ये महापालिकेत आली, नंतर त्यातली 18 वगळण्याचा घोळ झाला, तो न्यायालयात गेला. हद्दीच्या त्या भांडणावर रकानेच्या रकाने लिहून आले. पण काटई, निळजे, भोपर या पट्ट्यातली खाचरे भराव टाकून रस्त्याच्या पातळीला आणली गेली तेव्हा हजारो टँकर पाणी थांबवणारी व्यवस्था गेली, हे कुठल्याही ठरावात नोंदवले गेले नाही. भराव टाकलेल्या जागेवरचे पाणी नाहीसे होत नाही. ते शेजारच्या खोलगट जागेत जाते, आणि तिथे कोण राहते हे आपल्याला माहीत आहे.

एक नदी, तीन कारभारी

वालधुनी नदी अंबरनाथच्या डोंगरात, काकोळे परिसरात उगम पावते. इसवी सन 1060 चा शिलालेख असलेले अंबरनाथचे शिवमंदिर तिच्याच काठावर आहे. तिथून ती उल्हासनगरमधून, विठ्ठलवाडीवरून कल्याणात येते आणि उल्हास खाडीला मिळते. उणीपुरी तीसेक किलोमीटरची नदी, पण तिच्या वाटेत अंबरनाथ नगर परिषद, उल्हासनगर महापालिका आणि कल्याण-डोंबिवली महापालिका असे तीन कारभारी. कारखान्यांच्या सांडपाण्यासाठी ती देशभर बदनाम झाली. उल्हास आणि वालधुनीच्या प्रदूषणाचा खटला राष्ट्रीय हरित लवादापासून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. पण तिच्या पुराच्या पाण्याचा खटला कोणी कोणावर भरायचा?

अंबरनाथमध्ये डोंगरपायथ्याला नवी वसाहत उभी राहिली, तिचे अंगण पूर्ण लाद्यांचे केले, तर परवानगी अंबरनाथ देते, विकास शुल्क अंबरनाथ घेते आणि पाणी कल्याणच्या अशोकनगर, शिवाजीनगरात शिरते. कल्याणच्या महापालिकेला त्या परवानगीवर एक शब्द बोलण्याचा अधिकार नाही. तिच्या हातात उरते नालेसफाई आणि अतिक्रमणविरोधी पथक. मग ती जे हातात आहे तेच वापरते.

जलसंपदा विभाग नदीकाठी निळी आणि लाल पूररेषा आखतो. निळी रेषा साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला बंदी. ऐकायला शास्त्रशुद्ध वाटते आणि आहेही. पण वर जमीन बंद होत गेली की तोच पाऊस मोठा पूर आणतो. म्हणजे रेषा हळूहळू आपल्या घराकडे सरकते. चाळीस वर्षांपूर्वी बऱ्यापैकी कोरड्या जागेवर बांधलेले घर आज पूररेषेत गणले जाते, आणि त्या घराने मात्र जागा सोडलेली नसते. अशा घराला आपण अतिक्रमण म्हणतो. नदी त्याच्या अंगावर कोणी ढकलली, त्याला काय म्हणायचे, यासाठी सरकारी मराठीत अजून शब्द नाही.

या वस्त्या तिथे का आहेत हे नव्या पिढीला माहीत असायला हवे. रेल्वेचे कारखाने, अंबरनाथची ऑर्डनन्स फॅक्टरी, एमआयडीसी. 1972 च्या दुष्काळात मराठवाडा, नगर, नाशिककडून आलेली कुटुंबे. गावात महारवाडा खालच्या अंगाला होता, पाणवठाही खालचा. शहरात कोणी जात विचारून जागा दिली नाही, हे खरे. पण जमिनीचा भाव विचारून दिली, आणि भावाने नेमकी तीच जागा दाखवली : नाल्याचा काठ, रुळांची कड, डोंगराचा उतार.

नियम आहेत, पण प्लॉटपुरते

राज्याची एकात्मिक विकास नियंत्रण नियमावली डिसेंबर 2020 मध्ये मंजूर झाली. ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीला तीच लागू आहे. तिच्यात 500 चौरस मीटर आणि त्यावरच्या भूखंडांवर पर्जन्य जलसंधारण सक्तीचे आहे. यंत्रणा नीट न राखणाऱ्या मालकाला दर 100 चौरस मीटर बांधकामामागे वर्षाला 1,000 रुपयांपर्यंत आकारणी करण्याचा अधिकारही महापालिकेला आहे. 0.4 हेक्टर आणि त्यावरच्या अभिन्यासात 10 टक्के मनोरंजनाची मोकळी जागा ठेवावी लागते. 20,000 चौरस मीटरहून मोठ्या बांधकामाला पर्यावरण मंजुरी लागते आणि तिच्या नेहमीच्या अटींत नियमानुसार सोडायच्या मोकळ्या जागेचा किमान 20 टक्के भाग पाणी मुरणारा असावा, असे असते. निम्म्याहून अधिक छिद्र असलेल्या लाद्या मुरणाऱ्या समजल्या जातात. आपल्याकडे सगळीकडे दिसणारे एकाला एक चिकटवलेले पेव्हर ब्लॉक त्यात बसत नाहीत.

नीट वाचा. मोकळ्या जागेच्या 20 टक्के, भूखंडाच्या नव्हे. म्हणजे मोकळ्या जागेचाही 80 टक्के भाग बंद करायला हरकत नाही. त्यात अग्निशमन गाडीसाठी इमारतीभोवती कडक रस्ता हवा, तळघरातील पार्किंगसाठी खोदकाम कुंपणाजवळपर्यंत न्यायचे, आणि बाग पोडियमवर. पोडियमची बाग छान दिसते, पण ती स्लॅबवर टाकलेली दीड-दोन फूट माती असते. खाली जमीन नसते, पाइप असतो. मुंबईच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2013 मध्ये स्पष्ट केले की नियमाने सोडायची किमान मनोरंजनाची जागा जमिनीवरच, आकाशाखाली असली पाहिजे. पोडियमवरची बाग हवी तर त्याशिवाय करा. तो निकाल मुंबईच्या नियमांवर होता. त्यामागचे तत्त्व ठाणे-कल्याणच्या प्रत्येक विकास आराखड्याच्या सुनावणीत मांडता येण्यासारखे आहे. मांडले जाताना फारसे दिसत नाही.

या सगळ्या नियमांची मोठी उणीव एकच. ते एका प्लॉटपुरते पाहतात. 500 मीटरपेक्षा लहान असे हजार प्लॉट एकाच नाल्याच्या वर असतील तर त्यांची बेरीज कोणी करत नाही. सरकारी रस्ते, फूटपाथ, नाट्यगृहाचे आवार, स्टेशनबाहेरचा चौक हे तर या हिशेबात नसतातच. भोगवटा प्रमाणपत्र मिळाले की शोषखड्ड्याचे झाकण पुन्हा उघडले जात नाही. आणि बेकायदा बांधकामांना तर नियमच लागत नाहीत. डोंबिवली परिसरातल्या 65 इमारतींचे प्रकरण आठवा. बनावट कागदपत्रांवर रेरा नोंदणी मिळवून त्या उभ्या राहिल्या आणि उच्च न्यायालयाने 2024 मध्ये त्या पाडायला सांगितल्या. तिथे घर घेणारी कुटुंबे उघड्यावर यायची वेळ आली. त्या इमारतींभोवतीच्या जमिनीत पाणी मुरते का, हे विचारणार तरी कोण होते?

अमेरिकेत टॉम श्यूलर या जलतज्ज्ञाने 1994 मध्ये एक सोपा निकष मांडला. एखाद्या ओढ्याच्या पाणलोटातली साधारण 10 टक्के जमीन बंद झाली की ओढा बिघडू लागतो आणि 25 टक्के ओलांडले की तो जिवंत ओढा म्हणून जवळपास संपतो. आकडे तिथल्या ओढ्यांचे आहेत, आपल्या कातळावर आणि पावसावर ते जसेच्या तसे बसणार नाहीत. पण त्याने मोजायचे एकक बदलले : प्लॉट नाही, पाणलोट. त्यावरून तिथल्या कित्येक गावांनी बंद जमिनीवर कमाल मर्यादा घातल्या. इंग्लंडने 1 ऑक्टोबर 2008 पासून नियम केला की घरापुढच्या अंगणात 5 चौरस मीटरपेक्षा जास्त जागा पाणी न मुरणाऱ्या फरशीने झाकायची असेल आणि पाणी रस्त्यावर सोडायचे असेल, तर आधी परवानगी काढा.

जर्मनीत गोष्ट पैशावर आली. तिथे पूर्वी सांडपाण्याचा आकार नळाच्या पाण्यावर ठरत असे. मग प्रश्न उभा राहिला : मोठ्या पार्किंगच्या दुकानात दोन नळ असतात पण पावसात तळ्याएवढे पाणी ते गटारात सोडते, त्याचा खर्च चौथ्या मजल्यावर राहणाऱ्या भाडेकरूने का भरावा? न्यायालयांनी हे म्हणणे मान्य केले. बर्लिनमध्ये 2000 पासून पावसाच्या पाण्याचा आकार वेगळा आहे आणि तो बंद जमिनीच्या चौरस मीटरवर ठरतो. अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाने 2010 पासून हाच रस्ता धरला. जमीन मोकळी केली की बिल कमी होते.

चीनने 2015 पासून 'स्पंज शहरां'चा मोठा कार्यक्रम घेतला. त्यावर पैसा ओतणाऱ्यांत झेंगझोऊ हे शहरही होते. जुलै 2021 मध्ये तिथे एका तासात 200 मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला आणि शहर बुडाले, भुयारी रेल्वेत माणसे मेली. म्हणून मुरणारी जमीन हा रामबाण उपाय असल्याचे कोणी सांगू लागले तर सावध राहा. ती नेहमीचा पूर कमी करते. असाधारण पावसासाठी इशारा, निवारा आणि वेळेवर माणसे हलवणे हेच लागते.

रस्ता वर गेला, घर खाली गेले

ठाण्यात राज्य सरकारच्या 605 कोटींच्या निधीतून 282 रस्त्यांची कामे काढली गेली. काँक्रीट, यूटीडब्ल्यूटी, मास्टिक. खड्ड्यांना लोक कंटाळले होते, त्यामुळे विरोधाचे कारण नव्हते. काटेकोर बोलायचे तर डांबरी रस्ताही पाणी मुरू देत नव्हता. फरक रस्त्याच्या कडेला पडला. पूर्वी डांबराच्या दोन्ही बाजूंना मातीची साइडपट्टी असे, झाडाभोवती ओंजळभर जमीन असे. आता भिंत ते भिंत काँक्रीट. हरित लवादाने दिल्लीच्या प्रकरणात एप्रिल 2013 मध्ये झाडाभोवती एक मीटर जागा काँक्रीटमुक्त ठेवायला सांगितले. ठाण्याच्या फूटपाथवर चालताना तो एक मीटर कुठे दिसतो का, बघा.

दुसरा फरक पातळीचा. जुन्या रस्त्यावर तीन-चार इंचांचा थर चढतो, काही वर्षांनी पुन्हा एक. सोसायटी आपले फाटक उंचावून घेते. चाळीतली खोली कुठे उंचावणार? उंबरठ्याला दोन विटा लावल्या जातात, मग चार. वस्तीत काम करताना एखाद्या घराचे वय त्याच्या उंबरठ्यावरून कळते. ठाण्यात मार्च 2022 पासून आणि कल्याण-डोंबिवलीत नोव्हेंबर 2020 पासून प्रशासकांचा कारभार होता; एवढ्या मोठ्या रकमांचे निर्णय झाले तेव्हा 'रस्त्याची पातळी काय असणार' हे सभागृहात विचारायला निवडून आलेला माणूसच नव्हता.

आपलेही काँक्रीट

इथे आपल्याला आपल्याकडेही पाहावे लागते, आणि तेही डोळसपणे. दलित वस्ती सुधार योजनेतून आलेला सिमेंटचा रस्ता ही आपल्यासाठी साधी गोष्ट नव्हती. चिखल आपल्या वाट्याचा होता. शाळेत जाणाऱ्या मुलीच्या पायाला चिखल लागला की ती कुठल्या वस्तीतून येते हे वर्गाला कळायचे. गल्लीत लादी बसली तेव्हा वस्तीला पहिल्यांदा वाटले की महापालिकेच्या नकाशात आपणही आहोत. त्यामुळे बंगल्यात राहणारा कोणी 'झोपडपट्टीत काँक्रीट नको' म्हणाला तर आपल्याला राग येतो, आणि यायलाच हवा. दीडशे चौरस फुटांच्या घरासमोरची तीन फुटी गल्ली बंद केल्याने कुठलीही नदी मेलेली नाही.

पण नंतर सवय लागली. आमदार निधी, नगरसेवक निधी म्हणजे पेव्हर ब्लॉक, हे समीकरण झाले. दर निवडणुकीआधी चांगल्या लाद्या उखडून नव्या बसवल्या जातात आणि आपणच बॅनर लावून आभार मानतो. अनेक विहारांचे अंगण कडेपासून कडेपर्यंत लाद्यांचे आहे. बोधिवृक्षाच्या बुंध्यालाही गळफास बसावा तशी फरशी. त्याच विहाराच्या मागच्या चाळीत पाणी शिरते तेव्हा आपण महापालिकेला पत्र लिहितो.

आणि एक जागा अशी आहे जिथे पाणी मुरवणेच धोक्याचे. कळवा-मुंब्र्याच्या पारसिक डोंगरावर, कल्याणच्या नेतिवली टेकडीवर उताराला लागून घरे आहेत. 19 जुलै 2021 रोजी कळव्याच्या घोलाईनगरात दरड कोसळून एकाच कुटुंबातले पाच जण गेले. अशा उतारावर शोषखड्डे खणले तर माती पाण्याने जड होऊन आणखी सुटते. तिथे पाणी मुरवायचे नाही. पक्क्या पन्हाळीतून, टप्प्याटप्प्याने वेग मोडत खाली आणायचे. एखादी संस्था उत्साहाने 'प्रत्येक वस्तीत शोषखड्डा' मोहीम घेऊन आली तर तिला आधी विचारा : भूवैज्ञानिकाने जागा पाहिली आहे का?

आपली खरी भीती वेगळी आहे. जमिनीवर मर्यादा आली तर ती पहिल्यांदा कोणावर चालेल? इतिहास फार दिलासा देत नाही. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातील झोपड्या हटवण्याचा आदेश मुंबई उच्च न्यायालयाने 1997 मध्ये दिला आणि हजारो कुटुंबांची घरे पाडली गेली. त्याच डोंगराच्या ठाण्याकडच्या अंगाला, येऊरमध्ये, बंगले, हॉटेले आणि टर्फ यांच्याविरुद्ध वर्षानुवर्षे तक्रारी होत राहिल्या. 2016 मध्ये उद्यानाभोवतीचे पर्यावरण-संवेदनशील क्षेत्रही अधिसूचित झाले, तरी तिथे बुलडोझर तेवढ्या चपळाईने चढलेला दिसला नाही. पर्यावरणाच्या नावाने कारवाई होते तेव्हा ती चढावर जात नाही, उतारावर येते. पाण्यासारखीच.

म्हणून मर्यादेला विरोध करण्यापेक्षा ती कशी असावी हे आपण सांगितले पाहिजे. पाणलोटनिहाय मोजणी, म्हणजे वालधुनीसाठी तिन्ही संस्थांची मिळून एक. नव्या मोठ्या प्रकल्पाने बांधकामाआधी जेवढे पाणी नाल्यात जात होते त्याहून जास्त सोडायचे नाही, उरलेले आपल्या आवारात टाकी किंवा तळे करून थांबवायचे. पावसाच्या पाण्याचा आकार बंद जमिनीवर, आणि लहान घरांना त्यातून पूर्ण सूट. मुंबईत 2022 मध्ये 500 चौरस फुटांपर्यंतच्या घरांना मालमत्ता कर माफ झाला, तेव्हा अशी रेघ मारणे प्रशासनाला जमते हे सिद्धच आहे. आणि वरच्या जमिनीची मोजणी जाहीर झाल्याशिवाय खालचे एकही घर 'पुराला अडथळा' म्हणून पाडायचे नाही. ही शेवटची अट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. बाकीच्यांवर तडजोड होऊ शकते.

बाबासाहेब कटकला काय म्हणाले होते

व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना (1942 ते 1946) पाटबंधारे आणि वीज ही खातीही बाबासाहेबांकडे होती. 8 नोव्हेंबर 1945 रोजी कटक येथे ओरिसाच्या नद्यांवर परिषद झाली. महानदीच्या पुरांनी तो प्रांत हैराण होता आणि त्याआधीच्या समित्यांचा सूर असा होता की पुराचे पाणी अडथळ्याविना लवकरात लवकर समुद्रात गेले पाहिजे. बाबासाहेबांनी तो विचारच चुकीचा ठरवला. त्यांचा मुद्दा असा की जास्त पाणी हे संकट नाही. माणसाला पाण्याच्या जादापेक्षा त्याच्या तुटवड्याचाच त्रास अधिक होतो. ते लोकांचे धन आहे, ते फेकायचे नाही तर साठवायचे. दामोदर खोऱ्याच्या योजनेत त्यांनी नदीचा विचार प्रांताच्या हद्दीने न करता खोऱ्याच्या हद्दीने केला. बंगाल आणि बिहार यांना एका टेबलावर आणता येत असेल तर अंबरनाथ, उल्हासनगर आणि कल्याण यांना आणायला किती अवघड?

आपल्या शहरांचे अभियंते अजून कटकच्या आधीच्या काळात आहेत. नाला रुंद करा, दोन्ही बाजूंनी काँक्रीटची भिंत बांधा, तळही काँक्रीटचा करा, पाणी लवकर खाडीत ढकला. जुलैत ढकललेल्या पाण्यासाठी एप्रिलमध्ये तीच वस्ती टँकरच्या रांगेत असते.

येऊरचा डोंगर ओलांडला की पलीकडे कान्हेरी आहे. तिथल्या शंभराहून अधिक लेण्यांत सहज नजरेत न भरणारी गोष्ट म्हणजे पाण्याच्या पोढ्या. छतावर, पायऱ्यांच्या कडेला कोरलेले पन्हाळ आणि लेण्यापुढे जमिनीत खोदलेले टाके. तो सगळा कातळ. पाणी मुरायला जागाच नाही. आजच्या काँक्रीटच्या शहरासारखाच. म्हणून प्रत्येक लेण्याने आपल्यावर पडणारे पाणी आपल्याच दारात थांबवले. दानाच्या शिलालेखांत पोढ्यांचा उल्लेख येतो आणि दात्यांमध्ये कल्याणचे रहिवासी आहेत, एक सोनारही. दोन हजार वर्षांपूर्वी कल्याणचा माणूस डोंगरात पाणी थांबवण्यासाठी दान देत होता, हे कल्याणच्या कुठल्याच स्मार्ट सिटी फलकावर लिहिलेले मी पाहिले नाही.

येत्या वर्षावासात

आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत वर्षावास असतो. आपल्या भागातला पावसाळाही साधारण त्याच महिन्यांत जातो. विहारांत या काळात ग्रंथवाचन चालते, तरुण येतात. रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलीय यांच्यात उठलेला वाद आणि युद्धाला सिद्धार्थाने केलेला विरोध, हा 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'मधला भाग तर बहुतेक ठिकाणी वाचला जातोच. त्याच रविवारी वाचन झाल्यावर पाच-सहा जणांनी छत्र्या घेऊन वस्तीतला नाला खालून वर चालत जावे. कुठल्या आवारातून किती जाड पाइप नाल्यात पडतो, कुठे भराव आहे, कुठे अजून मोकळी जमीन आहे, हे मोबाइलवर टिपून घ्यावे. दोन-तीन रविवारांत आपल्या नाल्यापुरती ती तिसरी यादी तयार होते.

मग माहिती अधिकारात तीन गोष्टी मागाव्यात. जलसंधारण यंत्रणा न राखल्याबद्दल गेल्या पाच वर्षांत प्रभागात किती आकारणी झाली. आपल्या रस्त्याच्या काँक्रीटीकरणाआधीची आणि नंतरची पातळी काय, आणि गटाराचा आराखडा करताना कोणता गुणांक धरला. नाल्यालगतच्या मोठ्या प्रकल्पांच्या पर्यावरण मंजुरीतील मुरणाऱ्या जागेची अट पाळली गेली का. या प्रकल्पांना दर सहा महिन्यांनी अनुपालन अहवाल द्यावा लागतो, तो मागता येतो. उत्तर नाही आले तर अपील करावे; 'माहिती उपलब्ध नाही' असे लेखी आले तर ते जपून ठेवावे, कारण पुढच्या वेळी अतिक्रमणाची नोटीस आली की सुनावणीत तो कागद टेबलावर ठेवता येतो.

आणि विहाराच्या विश्वस्तांशी बोलून बोधिवृक्षाभोवतीच्या एक मीटरच्या लाद्या काढाव्यात. त्याला महापालिकेची परवानगी लागत नाही, एक पहार आणि अर्धा दिवस लागतो.